साडेछप्पन्न हजारांचा थाट आणि मानेमागचं लेबल

फोंडा तालुक्यातल्या एका गावातून एका वाचक भगिनीने लिहिलं आहे. घराच्या पडवीत तीन शिलाई मशिनं आहेत आणि मदतीला गावातल्याच दोघी येतात. सुती आणि लिननमिश्र कापडाचे हाफ शर्ट व कफ्तान शिवून त्या महिन्याला साधारण पासष्ट नग आसगाव आणि पणजीच्या बुटिकांना देतात. एका शर्टाचे हातात अकराशे रुपये पडतात. आसगावच्या बुटिकवाल्या बाईंनी हल्लीच सुनावलं, ‘माल चांगला, पण ब्रँड वाटत नाही. एक तर ब्रँडिंग नीट करा, नाहीतर तुमचं लेबल काढून आमचं लावून द्या.’ भाच्याने माड, लाट आणि मावळता सूर्य असा लोगो काढला आहे आणि एका पुरवठादाराकडून कोटेशनही आणलं आहे. लोगो कोरलेली धातूची बटणं 3000, अठरा हजार. चामड्याचे पॅच 500, नऊ हजार. कपड्याला लटकवायचे जाड कागदी हँगटॅग 1000, आठ हजार. छापील खोकी 300, साडेसोळा हजार. विणलेली लेबलं 1000, पाच हजार. सगळे मिळून साडेछप्पन्न हजार. दीर म्हणतात, एवढ्या पैशांत आणखी एक मशीन येईल. त्या विचारतात, खर्च करू का? आणि बुटिकचं लेबल लावलं तर आमचं नाव कायमचं पुसलं जाईल का? जाता जाता आणखी दोन गोष्टी त्यांनी लिहिल्या आहेत. सध्याचं लेबल साटीनच्या पट्टीवर छापलेलं आहे, चारही बाजूंनी शिवलेलं. दोन गिऱ्हाइकांनी ते टोचतं म्हणून कापून टाकल्याचं कानावर आलं. आणि शर्टाच्या कॉलरबँडला त्या आतून लाल चौकडीच्या कापडाची पट्टी लावतात, कुणबी साडीची आठवण म्हणून.

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून टाकलीत. दोन गिऱ्हाइकांनी लेबल कापून टाकलं. नाव पुसलं जाईल ही भीती तुम्हाला बुटिकवाल्या बाईंची वाटते आहे, पण ते काम गिऱ्हाइकाच्या घरी कात्रीने आधीच सुरू झालंय. आणि कापणाऱ्याची चूक नाही. गोव्याच्या उकाड्यात घामेजलेल्या मानेला तासभर काहीतरी बोचत राहिलं तर कोणीही तेच करील. तेव्हा सुरुवात मानेपासून करू, मग तुमच्या कोटेशनकडे येऊ.

साटीनचं छापील लेबल टोचतं ते कापडामुळे क्वचितच. पॉलिएस्टरची पट्टी गरम पात्याने कापली की कड वितळते आणि थंड होताना तिथे प्लास्टिकचा बारीक कडक मणी धरतो. पट्टीच्या कोपऱ्यावर हात फिरवा, लगेच लागेल. दुसरं कारण धागा. लेबलाचा रंग बदलला तरी रीळ बदलायला लागू नये म्हणून पुष्कळ ठिकाणी पारदर्शक नायलॉनचा धागा वापरतात. त्याची टोकं माशाच्या काट्यासारखी उभी राहतात. तिसरं कारण शिवण्याची रीत. चारही बाजूंनी टीप मारली की पहिल्या धुण्यात सुती कापड आटतं, पॉलिएस्टरचं लेबल आटत नाही, आणि लेबल मध्ये फुगून वर येतं. ते फुगलेलं लेबल मग दिवसभर मानेला घासतं.

यावरचा उपाय महाग नाही. कोटेशनमधलं विणलेलं लेबल ही एकच वस्तू मी डोळे मिटून ठेवीन, पण ती कशी मागवायची ते नीट ठरवून. दोन्ही टोकं मागे दुमडलेलं, म्हणजे ज्याला एंड फोल्ड म्हणतात ते मागवा. त्यात कापलेल्या कडा खाली जातात आणि कातडीला लागत नाहीत. तयार माप 45 बाय 20 मिलिमीटर ठेवलंत आणि दोन्हीकडे 7 मिलिमीटर दुमड धरलीत, तर कापाची लांबी 59 होते. पुरवठादाराला तिन्ही आकडे लिहून द्या, कारण ‘45 चं लेबल’ एवढंच म्हटलं तर तो दुमडीसकट 45 धरू शकतो आणि नाव अर्धं शिवणीत जातं. वरची-खालची कड कशी निघते तेही विचारा. रुंद मागावर विणलेली लेबलं गरम तारेने चिरून वेगळी करतात, तिथे कड कडक निघू शकते. नीडल लूमवर, म्हणजे अरुंद पट्ट्या विणणाऱ्या मागावर, कड विणूनच येते, ती मऊ असते. अल्ट्रासॉनिक कापणीची कडही गरम पात्यापेक्षा मऊ. नमुना हातात आला की कोपरा मनगटाच्या आतल्या बाजूला घासून बघा, आणि मनगट ओलं करून पुन्हा एकदा घासा. कोरड्या कातडीला जे जाणवत नाही ते ओल्या कातडीला जाणवतं.

शिवताना फक्त दोन आखूड बाजूंवर टीप मारा, वरची आणि खालची मोकळी सोडा. स्पन पॉलिएस्टरचा धागा, लेबलाच्या पार्श्वभूमीच्या रंगाचा. 11 नंबरची सुई. अडीच मिलिमीटरचा टाका. उलट टीप कोपऱ्यात घालू नका, बाजूच्या मध्यावर घाला, नाहीतर कोपऱ्यात धाग्याची गाठ होते. आणि शर्टाला योक, म्हणजे पाठीवर खांद्यांजवळची दुहेरी पट्टी, जोडण्याआधीच लेबल आतल्या योकवर शिवून घ्या. म्हणजे टीप बाहेरच्या बाजूला दिसत नाही, आणि टिपेची मागची बाजू दोन योकांच्या मध्ये बंद होते. कफ्तानाला योक नसतो, तिथे मधोमध दुमडलेलं लहान लेबल गळ्याच्या फेसिंगच्या, म्हणजे आतून लावलेल्या पट्टीच्या, शिवणीत अडकवा. व्हॉइलसारखं पातळ पांढरं कापड असेल तर गडद लेबलाची सावली बाहेरून दिसते. अशा कफ्तानासाठी पांढऱ्यावर राखाडी अक्षरांचं लेबल घ्या.

आता लोगोबद्दल. भाच्याने मेहनतीने केलं असेल, पण माड, लाट आणि सूर्य हे गोव्याच्या किनाऱ्यावरच्या निम्म्या टी-शर्टांवर आहे. कळंगुटच्या रस्त्यावरून चालत गेलात तर दहा दुकानांत तीच तीन चित्रं भेटतील. शिवाय मावळत्या सूर्याची नारिंगीतून जांभळ्यात विरघळणारी छटा विणता येत नाही. विणलेल्या लेबलात प्रत्येक रंग हा एक वेगळा धागा असतो. दोन, फार तर तीन रंगांत जे सुटसुटीत दिसतं तेच तिथे टिकतं. नुसतं तुमचं नाव चांगल्या अक्षरांत घेतलंत तरी पुरे. लोगो भाच्याला पिशवीवर छापू दे, तिथे छपाईत तो शोभेल.

नाव देवनागरीत ठेवणार असं तुम्ही लिहिलंय. त्याचा मला मनापासून आनंद आहे, पण इथेच सगळ्यात जास्त लेबलं फसतात, म्हणून जरा थांबते. लेबल विणणाऱ्यांचा हात रोमन अक्षरांवर बसलेला असतो. चांगल्या डमास्क, म्हणजे बारीक धाग्याच्या दाट, विणीत रोमन अक्षर दोन मिलिमीटर उंचीलाही वाचता येतं. त्यावरून ते देवनागरीही तेवढ्यातच बसवून टाकतात. आता बाण्याच्या धाग्यांच्या ओळींनी अक्षर कसं उभं राहतं ते डोळ्यांसमोर आणा. शिरोरेषेला दोनतीन ओळी गेल्या. अनुस्वाराला उरली एक ओळ, तीही शिरोरेषेला चिकटते आणि ‘रंग’चा ‘रग’ होतो. ऱ्हस्व उकार आणि दीर्घ उकार खाली एकच गाठ होऊन बसतात. ‘ळ’ची पोटं भरतात, ‘क्ष’चा ठिपका होतो. म्हणून शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत किमान 5 मिलिमीटर घ्या आणि वरच्या-खालच्या मात्रांसह 9 ते 10 मिलिमीटरचा पट्टा मोकळा ठेवा. लेबलाची उंची 20 सांगितली ती यासाठीच. जाड-बारीक वळणाचा सुलेखनाचा फॉन्ट टाळा. एकसारख्या जाडीचा, मोकळ्या पोटाचा घ्या. फाइल व्हेक्टरमध्ये आणि अक्षरं आउटलाइन करून, म्हणजे फॉन्टवर न विसंबणारी रेषाचित्रं करून द्या, नाहीतर त्यांच्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसला की वेलांटी सुटून भलतीकडे जाते. कागदावर खऱ्या मापात छापून हातभर अंतरावरून वाचा. मग विणलेला नमुना मागवा, स्ट्राइक-ऑफ म्हणतात तो. फोटोवर होकार देऊ नका. मोबाइलच्या पडद्यावर लेबल ताटाएवढं दिसतं.

लेबलावर फोन नंबर, इन्स्टाग्रामचं नाव, साल असलं काही विणू नका. बदलणारी गोष्ट कागदावर, न बदलणारी धाग्यात. क्यूआर कोडही कागदावरच. एवढ्याशा विणीत तो वाचला जाईलच असं नाही.

आता धातूची बटणं. इथे माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नका. तुमच्या मालाला ती वजनाने जड होतात, पातळ सुती कापडावर पट्टी खाली ओढली जाते आणि काही धुण्यांनंतर बटणाभोवती कापड विरतं. त्यात गोव्याची हवा. खारी, दमट, आणि वर तुमचं गिऱ्हाईक समुद्रावर जाणारं. लोखंडी गाभ्यावर मुलामा दिलेलं बटण असेल तर मुलामा जिथे खरवडतो तिथून गंज सुरू होतो आणि शर्टावर तांबूस ठसा पडतो. पितळेचा गाभा असेल तर हिरवट. कोणी धातूचं बटण, आयलेट किंवा टिचबटण विकायला आलं तर आधी लोहचुंबक लावा. चिकटलं तर परत पाठवा. चिकटलं नाही तरी एक लिटर पाण्यात 35 ग्रॅम मीठ विरघळवा, समुद्राच्या पाण्याला साधारण तेवढंच असतं. त्यात पांढरं सुती फडकं बुडवून बटण त्यात गुंडाळा आणि झाकणाच्या डब्यात दोन दिवस ठेवा. फडक्यावर डाग उमटला तर तोच डाग गिऱ्हाइकाच्या शर्टावर उमटणार. हँगटॅगला लावायच्या साध्या सेफ्टी पिनांचंही हेच. पावसाळ्यात बुटिकच्या हँगरवर महिनाभर लटकलेल्या पांढऱ्या शर्टावर पिनेच्या दोन भोकांना गंज चढतो आणि तो शर्ट तुमच्याकडे परत येतो.

चामड्याचा पॅच जीन्सच्या कमरेला ठीक. शर्टावर तो धुतल्यावर कडक होतो, कच्चा रंग सोडतो, आणि जुलैमध्ये कपाटात ठेवलात तर बुरशी धरतो. यावर अधिक लिहीत नाही.

त्याऐवजी करवंटीची बटणं बघा. गोव्याच्या माणसाला त्यांची ओळख करून द्यायला नको, आणि परगावच्या गिऱ्हाइकाला ती हातात घेताच कुठली ते सांगावं लागत नाही. शर्टाच्या पुढच्या पट्टीला 18 लाइनचं, चार भोकांचं घ्या. 40 लाइन म्हणजे एक इंच, त्यामुळे 18 लाइनचं बटण 11.4 मिलिमीटर भरतं. बटणं ग्रोसवर मिळतात, एक ग्रोस म्हणजे 144. पुढे सात आणि एक जादा असे शर्टाला आठ धरले तर दहा ग्रोसमध्ये 180 शर्ट निघतात. सुरुवातीला तेवढीच घ्या. एक अडचण मात्र लक्षात ठेवा. करवंटीचं बटण पॉलिएस्टरच्या बटणापेक्षा जाड असतं. काजाची लांबी म्हणजे बटणाचा व्यास अधिक जाडी, 11.4 मध्ये 3 मिळवले की साडेचौदा मिलिमीटरच्या आसपास काज लागतं. जुन्याच मापाचं काज ठेवलंत तर गिऱ्हाईक बटण ओढून काढतं, धागा सैल होतो आणि दोष बटणाला लागतो. दुसरी अडचण पाण्याची. करवंटी पाणी पिते. माल घेण्याआधी पाच बटणं पांढऱ्या कापडाला शिवून कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास बुडवा आणि सावलीत सुकवा, असं पाच वेळा. तपकिरी रंग उतरला, कड तडकली किंवा पापुद्रा सुटला तर दुसरा विक्रेता गाठा.

बटण लावण्याबद्दल दोन वाक्यं. साखळी टाक्याच्या मशीनवर लावलेलं बटण धाग्याचं एक टोक ओढलं की सरळ उसवत जातं. गिऱ्हाइकाच्या मनात ‘हलका माल’ बसतो तो इथे. महिन्याला पासष्ट नग असताना हाताने लावणं तुम्हाला जमण्यासारखं आहे: दुहेरी धागा, भोकांच्या प्रत्येक जोडीतून तीन फेरे, बटणाखाली दोनतीन मिलिमीटर धाग्याची मान सोडून तिला चार वेढे, आणि गाठ मानेत.

आणि आता ती गोष्ट, जी तुमच्याकडे आधीच आहे आणि जिला तुम्ही ब्रँडिंग म्हणत नाही: कॉलरबँडच्या आतली लाल चौकडीची पट्टी. शर्ट हँगरवर असताना गळ्यातून सगळ्यात आधी तीच दिसते. बुटिकमध्ये बाई शर्ट उचलतात तेव्हा नजर तिथेच जाते, आणि तिच्या बरोबर खाली तुमचं लेबल असतं. ही जागा लोगोच्या बटणापेक्षा कितीतरी मोलाची आहे. तिला आणखी एक जोड देता येईल, खर्च जवळजवळ शून्य: पुढच्या पट्टीचं सगळ्यात खालचं काज आडवं करा आणि त्याच लाल धाग्याने विणा. प्रत्येक शर्टाला, न चुकता, तेच काज. वर्षभरात आसगावची बाई त्या काजावरून तुमचा शर्ट ओळखू लागेल.

पण त्या पट्टीत दोन धोके आहेत. पहिला रंगाचा. लाल सुताचा रंग पांढऱ्या शर्टात उतरला तर सगळं वाया. पट्टी ओली करून दोन पांढऱ्या फडक्यांमध्ये ठेवा, वर वजन ठेवून रात्रभर सोडा. पावसाळ्यात दमट घडीतही असंच होतं, म्हणून ही चाचणी धुण्यापेक्षा कडक आहे. गुलाबी छटा आली तर ते कापड आधी दोनतीन वेळा वेगळं धुऊन पुन्हा बघा. तरीही रंग सोडत असेल तर वापरू नका. दुसरा धोका नावाचा. तुमचं कापड यंत्रमागाचं आहे असं तुम्हीच लिहिलंय. मग हँगटॅगवर ‘कुणबी हातमाग’ लिहू नका. ती साडी शेतात राबणाऱ्या कुणबी बायकांची, आणि गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांच्यासारख्यांनी ती पुन्हा हातमागावर विणून घेऊन रॅम्पवर नेली म्हणून आज तिच्या नावाला भाव आहे. ‘गोव्याच्या कुणबी साडीच्या चौकडीवरून’ असं लिहिलंत तर ते खरं आहे आणि पुरेसंही. पुढे खरोखर हातमागाचं कापड घेऊ लागलात तर 2006 पासून सुरू असलेल्या हँडलूम मार्कची, म्हणजे हातमागाच्या सरकारी चिन्हाची, नोंदणी करून घेता येते. ‘खादी’ हा शब्द तर खादी आयोगाच्या परवानगीशिवाय लेबलावर घालूच नका.

खरं लिहिण्याचं हेच धुण्याच्या लेबलावर. कापडवाला ‘कॉटन’ म्हणतो म्हणून शंभर टक्के सुती लिहू नका. किनाऱ्यावरच्या बाजारात कॉटन म्हणून विकलं जाणारं बरंच कापड रेयॉन असतं, आणि जाळून पाहिलं तर दोन्हींचा वास कागद जळाल्यासारखाच येतो, त्यामुळे काडी लावून फरक कळत नाही. एक धागा काढा, मधोमध ओला करा आणि ओढा. रेयॉन ओल्या जागी पटकन तुटतो. कापूस ओला झाल्यावर उलट बळकट होतो. लिननमिश्र असेल तर टक्केवारी बिलावर लिहून मागा आणि तीच लेबलावर छापा.

हे दुसरं लेबल छापील साटीनचं चालेल, कारण ते मानेला लागत नाही. डाव्या बाजूच्या शिवणीत, खालच्या कडेपासून आठदहा सेंटिमीटर वर अडकवा. बारकोडच्या प्रिंटरवर छापून घेत असाल तर रेझिनची रिबन मागा. मेणाची रिबन स्वस्त असते आणि धुण्यात उडून जाते. चिन्हांचा क्रम ठरलेला आहे: धुणं, ब्लीच, वाळवणं, इस्त्री, ड्रायक्लीन. इस्त्रीच्या चिन्हात एक ठिपका म्हणजे कमी गरम, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे कडक गरम. लिननला तीन ठिपके देण्याचा मोह होईल, पण योकवर पॉलिएस्टरचं लेबल आहे. तेवढ्या गरम इस्त्रीखाली ते आकसतं आणि चकाकतं. दोनच ठिपके द्या. ‘भिजत घालू नये’ हेही लिहा, बटणांसाठी.

शिवण्याआधी कापडावर 50 सेंटिमीटरचा चौकोन आखून धुवा. 48 भरला तर चार टक्के आटलं. कापड आधी धुऊन घ्या, मग बेता. कारण साइझचे आकडे आता सेंटिमीटरमध्येही द्यावे लागतात आणि ते धुतल्यावरही खरे राहिले पाहिजेत.

इथे कायद्याचा भाग येतो, आणि खोक्यांचाही. पॅकबंद वस्तूंच्या 2011 च्या नियमांत 2022 साली दुरुस्ती झाली. त्यानुसार हँगरवर सुट्या, उघड्या विकल्या जाणाऱ्या कपड्यांना पूर्वीच्या काही नोंदींतून सूट मिळाली. आता लागतं ते एवढं: उत्पादकाचं किंवा ब्रँडमालकाचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी ईमेल आणि फोन, एस-एम-एल अशा खुणेबरोबर सेंटिमीटरमधलं माप, आणि सर्व करांसह कमाल किंमत. हे सगळं हँगटॅगच्या मागच्या बाजूला मावतं. पण शर्ट आधीच खोक्यात भरून विकायला ठेवलात की तो पॅकबंद माल झाला. मग वस्तूचं नाव, नगसंख्या, महिना-वर्ष हेही खोक्यावर येतं आणि पॅकर म्हणून वजन-माप खात्याकडे 90 दिवसांत नोंदणी करावी लागते. म्हणजे एका खोक्याचे पंचावन्न रुपये देऊन तुम्ही काम वाढवून घेताय. आणि ज्याच्यासाठी खोकं, तो पर्यटक बॅगेत जागा नाही म्हणून ते हॉटेलच्या खोलीतच सोडून जातो. कातरणीतून शिवलेली नाडीची पिशवी द्या. ती घरी जाते, वर्षानुवर्षं चपला भरायला वापरली जाते, आणि भाच्याचा लोगो तिच्यावर छान दिसेल.

कमाल किंमत कोण ठरवणार, हे बुटिकशी आधीच बोलून घ्या. तुम्ही छापलेल्या किमतीवर जास्तीचं स्टिकर चिकटवून ती वाढवता येत नाही, आणि तसं झालं तर टॅगवर पत्ता तुमचा असतो. टॅगसाठी 300 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, कागद पुरे. दोरी वरच्या काजातून ओवा. प्लास्टिकच्या धाग्याने टॅग अडकवणाऱ्या टॅगगनची सुई पातळ कापडाला भोक पाडते. रंगीत सुतळी टाळा, दमट हवेत तिचाही रंग लागतो.

आता हिशेब. कोटेशनप्रमाणे गेलात तर एका शर्टावर बटणांचे 48, पॅचचे 18, टॅगचे 8, खोक्याचे 55 आणि लेबलाचे 5, मिळून 134 रुपये. तुमच्या अकराशेतले बारा टक्के. यातले 103 रुपये फक्त बटणं आणि खोकं खातात. आणि गिऱ्हाइकाच्या मानेशी रोज बोलणाऱ्या लेबलाच्या वाट्याला पाच येतात. विणलेली लेबलं, छापील धुण्याचं लेबल, साधे टॅग आणि दहा ग्रोस करवंटीची बटणं हे सगळं माझ्या अंदाजाने वीस हजारांच्या आत बसावं. त्यात ट्रेडमार्कचे साडेचार हजार मिळवा. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, असेल तर ऑनलाइन अर्जाची फी तेवढीच आहे, नाहीतर दुप्पट होऊ शकते. कपड्यांचा वर्ग 25. अर्ज करण्याआधी त्याच वर्गात तुमच्यासारखं नाव कोणाचं आहे का ते ट्रेडमार्क खात्याच्या संकेतस्थळावर शोधा. तुमच्या नावात ‘गोवा’ आहे. गावाचं-प्रदेशाचं नाव एकट्याच्या मालकीचं करून मिळणं कठीण, तेव्हा वजन दुसऱ्या शब्दावर पडेल असं बघा. नोंदणी होईपर्यंत नावापुढे टीएम लिहिता येतं. वर्तुळातला आर मात्र नोंदणीआधी लावणं हा गुन्हा आहे, आणि हे लेबल विणणारा सांगणार नाही. उरलेल्या पैशांत दिरांचं मशीन येऊ दे. माझा कौल काजाच्या मशीनला. काजं बाहेरून करून आणत असाल तर लाल काज दर वेळी एकसारखं येणार नाही.

राहिला बुटिकवाल्या बाईंचा प्रश्न. ‘ब्रँड वाटत नाही’ म्हणजे नेमकं काय, ते त्यांना विचारा. लेबल टोचतं ही तक्रार आहे, की टॅगवर किंमत-माप नाही ही, की त्यांना स्वतःच्या नावाने माल हवाय आणि हे निमित्त आहे? तिन्हींची उत्तरं वेगळी. तिसरं असेल तर त्यात अपमान नाही. दुसऱ्याच्या लेबलाखाली शिवून देणं हा सरळ धंदा आहे, फक्त तो वेगळा धंदा म्हणून करा. त्यांच्यासाठी वेगळा डिझाइन, वेगळा दर, निम्मी रक्कम आगाऊ, लेबलं त्यांनी मोजून द्यायची, उरलेली तुम्ही मोजून परत करायची, आणि न खपलेला माल परत नाही. एवढं एका पानावर लिहून दोघींच्या सह्या घ्या. ऑर्डर योक जोडण्याआधी पक्की झाली पाहिजे. तयार शर्टातून तुमचं लेबल उसवून त्यांचं लावायला गेलात तर लिननवर सुईची भोकं तशीच राहतात. लाल पट्टी आणि लाल काज मात्र त्या मालाला देऊ नका. ते तुमच्या नावाच्याच शर्टाला. मधला रस्ताही आहे: मानेला त्यांचं लेबल आणि बाजूच्या शिवणीत धुण्याच्या लेबलावर ‘बनवणारे’ म्हणून तुमचं नाव-पत्ता. विचारून बघा, पुष्कळजणी मान्य करतात. आणि पणजीच्या बुटिकला फक्त तुमच्याच नावाचा माल द्या, म्हणजे एक दार पूर्ण तुमचं राहील.

वेळेचं गणित तेवढं सांभाळा. हंगाम ऑक्टोबरपासून. नमुना, दुरुस्ती, पुन्हा नमुना आणि मग विणकाम यात महिना-दीड महिना सहज जातो, म्हणून लेबलाची फाइल जुलैत जाऊ दे. आलेली लेबलं आणि टॅग झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. पहिल्या खेपेतला एक शर्ट घरात कोणालातरी घालायला द्या, दहा वेळा धुवा, आणि मगच पुढची खेप बेता.

जुन्या साटीनच्या पट्ट्या उरल्या असतील तर संपवायच्या म्हणून शर्टात लावू नका. नाडीच्या पिशवीच्या शिवणीत अडकवा, तिथे त्या कोणाला टोचणार नाहीत.